हातचा एक

अब्बा रात्री दुकानाची वही उघडून बेरीज करायचे, तेव्हा ओठांतल्या ओठांत 'हातचा एक, हातचा दोन' असं चालायचं. हातचा विसरला की सगळा हिशेब चुकायचा. पुढे गणनयंत्रांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा तीच अडचण तिथेही भेटली. चाक फिरवून आकडे मोजणं सोपं होतं, यंत्राला हातचा शिकवणं अवघड होतं.

१६२३ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनचे प्राध्यापक विल्हेल्म शिकार्ड यांनी आपल्या यंत्राविषयी खगोलशास्त्रज्ञ केप्लरना पत्र लिहिलं. त्यात एक चाक पूर्ण फिरलं की त्याचा एक दात शेजारचं चाक एक घर पुढे ढकलायचा. पण ९९९९९ मध्ये १ मिळवायचा झाला, तर सगळ्या चाकांचा भार पहिल्यावरच यायचा. केप्लरसाठी बनत असलेलं यंत्र आगीत जळालं आणि पुढे शिकार्डचं काम लोक विसरून गेले.

१६४२ मध्ये फ्रान्समध्ये १९ वर्षांच्या ब्लेझ पास्कलने दुसरं यंत्र करायला घेतलं. त्याचे वडील रुआँ शहरी करवसुलीच्या कामावर होते आणि आकडेमोडीने बेजार झाले होते. पास्कलने प्रत्येक चाकाला एक वजनदार तरफ जोडली. चाक फिरताना ती वर उचलली जाई आणि ९ चा ० होताच खाली पडून पुढच्या चाकाला ढकली. आता प्रत्येक चाक आपला हातचा आपल्याच बळावर पुढे देत होतं.

दोनशे वर्षांनी तारयंत्रापुढे असाच पेच आला. १८४४ मध्ये मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला संदेश धाडला. पण तार जितकी लांब, तितका विजेचा प्रवाह क्षीण. त्यावर उपाय होता 'रिले'. आलेला क्षीण प्रवाह एका विद्युतचुंबकाला जागा करी, चुंबक एक कळ ओढी आणि नव्या बॅटरीचा ताजा प्रवाह पुढे निघे.

१९३७ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या जॉर्ज स्टिबिट्झने टेलिफोनचे असेच रिले घरी आणले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेरीज करणारं मंडल जोडलं. हातचा आता वीज देऊ लागली. १९४० मध्ये त्याने हॅनोव्हर गावात बसून तारेवरून न्यूयॉर्कमधल्या यंत्राकडून गणितं सोडवून घेतली. हिशेब आणि संदेश एकाच तारेवर आले.

आमच्याकडे जलशात कोणी ना कोणी ठासून सांगतं, 'संगणक आपलाच, अल्गोरिदम हा शब्द अल ख्वारिज्मींच्या नावावरून आलाय.' शब्दाची गोष्ट खरी आहे. पण नवव्या शतकात बगदादमध्ये बसून या माणसाने जी अंकपद्धती समजावली, ती हिंदुस्थानची होती आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्यांचा ग्रंथ आज लॅटिन भाषांतरातून आपल्यापर्यंत आला आहे. आपला 'हिशेब' हा शब्दही अरबीतूनच मराठीत आला. घेणाऱ्याने घेतलं, त्यात भर घातली आणि पुढच्याच्या हाती दिलं.

म्हणून त्या टाळ्या ऐकताना मला अब्बांची वही आठवते. आपल्या घरात आलेला हातचा आपण पुढच्या घरात मांडला का? मोहल्ल्यातली एखादी मुलगी गणितात हुशार असूनही दहावीनंतर घरी बसते, तेव्हा तो तिथेच विसरला जातो. मग बेरीज कितीही मोठ्या आवाजात वाचली, तरी ती चुकलेलीच असते.