डुकरांचा ताप आणि रक्तातील साक्ष

व्याख्यानमालेत डुकरांचा विषय निघालेला पाहून काहींच्या कपाळाला आठी पडेल. पण आम्ही ज्या वादाचा इतिहास सांगणार आहोत, त्यात डुकराइतकाच माणूसही गुंतलेला आहे.

१९१८ च्या शरदात अमेरिकेतील आयोवा प्रांतात डुकरे तापाने आणि खोकल्याने आजारी पडू लागली. जगभर तेव्हा इन्फ्लुएंझाची साथ होती. कोएन नावाच्या सरकारी पशुवैद्याला दिसले, की ज्या घरी माणसे अंथरुणाला खिळतात त्याच घरची डुकरेही पडतात. हा रोग एकच, असे त्याने स्पष्ट सांगितले. वराहपालक चिडले. मांस खपेनासे होईल, ही त्यांची भीती. आणि पुरावा तरी काय होता? केवळ डोळ्यांची साक्ष.

१९३१ मध्ये रिचर्ड शोप यांनी आजारी डुकरांच्या श्वसनमार्गातील स्राव अतिसूक्ष्म गाळणीतून काढला. जंतू वर राहिले. खाली उतरलेला द्रव निरोगी डुकराच्या नाकात घालताच त्याला सौम्य ताप आला. त्यात जंतू मिसळले तेव्हा पुरा रोग उमटला. विषाणू आहे, एवढे गाळणीने सिद्ध केले. मात्र तो माणसाच्या विषाणूचा सोयरा आहे काय, हे तिला सांगता येईना. शिवाय दर प्रश्नाला एक जिवंत डुक्कर लागे!

१९३३ साली लंडनमध्ये माणसाचा विषाणू हाती आला आणि तुलना शक्य झाली. मग सीरमची, म्हणजे गोठलेल्या रक्तावरील पिवळसर द्रवाची, परीक्षा सुरू झाली. प्रौढ माणसांचे सीरम डुकराच्या विषाणूला निष्प्रभ करी. १९१८ नंतर जन्मलेल्या लहान मुलांचे करीत नसे. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून बोलके कागदपत्र क्वचितच मिळते. पण ही बखर सनावळीत कच्ची. प्रतिपिंडे रोग येऊन गेल्याचे सांगतात, आज आहे की नाही ते सांगत नाहीत. म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन प्रतिपिंडे वाढली काय, हे पाहावे लागते. १९४१ मध्ये हर्स्ट यांना आढळले, की हा विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो आणि प्रतिपिंडे त्या रोखतात. तेव्हापासून जनावराचे काम काचेच्या नळीवर भागू लागले.

२००९ चा ऑगस्ट पुणेकर विसरले नसतील. देशातील ‘स्वाइन फ्लू’चा पहिला बळी पुण्यात गेला. तेव्हा येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत घशातील नमुने पीसीआर पद्धतीने तपासले गेले. ही पद्धत विषाणूची जनुकेच ओळखते, आणि तीही काही तासांत. डुकरांनाही आज तीच लावतात. तथापि मेलेल्या विषाणूचे अवशेषही तिला सापडतात. तो जिवंत आहे काय, हे ठरवण्यास अजून अंड्यात किंवा पेशींत तो वाढवूनच पाहावा लागतो.

कोएनचा वाद मात्र जनुकांनीच मिटवला. अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या प्रेतापासून आणि जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांपासून १९१८ च्या विषाणूचा जनुकसंच २००५ पर्यंत पूर्ण वाचला गेला. डुकराच्या विषाणूशी त्याचे नाते निश्चित झाले. कोणी कोणाला दिला? माणसाने डुकराला, असे बहुतेक संशोधक मानतात. आयोवाच्या वराहपालकांची चीड अगदीच अस्थानी नव्हती म्हणायची!