कोसळण्याआधीची परांची

मराठी वर्तमानपत्रांत ‘परांची’ हा शब्द बहुतेक वेळा एकाच क्रियापदाला धरून येतो: कोसळली. परांची कोसळून दोन मजूर ठार, तीन जखमी. एरवी ती कुणाच्या नजरेत भरत नाही. राजाबाई टॉवर म्हटलं की जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट आणि प्रेमचंद रायचंद ही नावं निघतात. पण २८० फुटांवर दगड बसवणारे हात कशाच्या आधाराने उभे होते, हे विचारायचं सुचत नाही. काम संपलं की परांची उतरते आणि तिच्याबरोबर तिचा इतिहासही पुसला जातो.

मुंबईत इमारतीच्या बाहेरून काम करायचा मोसम ठरलेला आहे. पाऊस सरला, भिंती सुकल्या की दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास चाळी आणि सोसायट्यांभोवती बांबू चढू लागतात. गिलावा, रंग, पावसाचा मारा झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला पत्रे, नव्या इमारतींना काच किंवा ॲल्युमिनियमचं आवरण, सगळं पुढच्या पावसाच्या आत उरकायचं असतं. घाईचं बीज इथेच पडतं.

परांची बांधणारा माणूस काम करताना जवळून पाहावा. एका पायाचा विळखा तो उभ्या बांबूला घालतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे होतात. कमरेला खोचलेल्या जुडीतून काथ्याचा दोर ओढायचा, आडव्या बांबूवरून आवळून वेढे द्यायचे, टोक पिळून वेढ्यांच्या आत दाबायचं. मग पाय सोडून वर सरकायचं. ज्या गाठी पुढे गवंडी, रंगारी आणि सिमेंटच्या घमेल्यांचं वजन पेलणार, त्या मारणारा स्वतः मात्र कशालाच बांधलेला नसतो.

बांबूला दोष देणं सोपं आहे. खरं तर बांबू हलका, लवचिक आणि ताकदवान. मोडण्याआधी तो वाकतो, करकरतो, इशारा देतो. परांची पडते ती इतर कारणांनी. पायाखालची माती भुसभुशीत असते. दोर ऊन-पावसाने कुजलेला असतो. मध्येच आलेला तिरका बांबू कुणीतरी ‘थोड्या वेळापुरता’ सोडलेला असतो. फळीवर विटांचा ढीग रचलेला असतो. सगळ्यात मोठं कारण म्हणजे परांची भिंतीला पक्की जखडलेली नसते. खिडकीच्या गजाला दोर गुंडाळून वेळ निभावलेली असते.

गाठीच्या जागी लोखंड आलं ते लंडनमध्ये, तेही इमारतीचा दर्शनी भाग बदलतानाच. तिथेही तोवर लाकडी वासे दोरानेच बांधत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॅनियल पामर-जोन्स यांनी वासे जोडायची एक साखळीची कडी काढली. १९१३ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या काजळलेल्या पूर्व दर्शनी भागाला सर ॲस्टन वेब यांच्या आराखड्यानुसार पोर्टलंड दगडाचं नवं आवरण चढलं, तेव्हा ही कडी वापरली गेली आणि तिचा बोलबाला झाला. १९१९ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली. पुढे एकाच जाडीचे लोखंडी पाइप आले, आणि परांचीची मजबुती बांधणाऱ्याच्या मनगटापुरती न राहता मोजता येऊ लागली.

पडणाऱ्याला झेलण्याचा विचार मात्र वेगळ्याच कामावर झाला. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधताना जोसेफ स्ट्रॉस यांनी पुलाखाली जाळं टांगलं. त्याला १,३०,००० डॉलरांहून जास्त खर्च आला. त्या जाळ्याने १९ जणांना वाचवलं. पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड परांची सुटली, जाळं फाडून खाली गेली आणि दहा जण दगावले. जाळं माणसासाठी विणलेलं होतं, परांचीसाठी नव्हे.

भारतात कायदा आधी आला तो मृत्यूचा हिशेब करायला. १९२३च्या कायद्याने कामावर मेलेल्या किंवा जायबंदी झालेल्या मजुराला नुकसानभरपाई मिळू लागली. हे मोठं पाऊल होतं, यात शंका नाही. पण ते पडल्यानंतरचं पाऊल. १९८०च्या दशकात बांधकाम मजुरांच्या संघटनांनी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी मोहीम उभारली आणि स्वतंत्र कायद्याची मागणी लावून धरली. तो कायदा १९९६ साली झाला. मध्ये त्र्याहत्तर वर्षं गेली. १९९८च्या केंद्रीय नियमांनी परांचीला स्वतंत्र प्रकरण दिलं: ती बांधणं, बदलणं, उतरवणं जबाबदार माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. महाराष्ट्राचे नियम २००७ साली आले, कल्याणकारी मंडळ २०११ साली. या साऱ्या काळात मुंबईचं आकाश किती मजले वर सरकलं, ते वेगळं सांगायला नको.

मंडळाकडून नोंदणी झालेल्या कामगाराला सुरक्षा संच मिळतो. त्यात हेल्मेट, बूट, मच्छरदाणी, जेवणाचा डबा आणि हार्नेसचा पट्टा असतो. जुना पट्टा नुसता कमरेचा होता. माणूस पडला की सगळा हिसका पोटावर आणि मणक्यावर बसायचा. लटकून राहिलेला माणूस त्यानेच दगावण्याची भीती. अमेरिकेने १ जानेवारी १९९८ पासून पडण्यापासून वाचवण्यासाठी असा पट्टा वापरायला मनाई केली. खांदे आणि मांड्यांवर भार वाटून देणारा हार्नेस हा त्यावरचा उपाय. पण हार्नेस घातला म्हणजे काम झालं, असं मानणं घातक आहे. त्याचा हुक त्याच परांचीच्या बांबूला अडकवला, तर परांची पडताना माणसालाही घेऊनच जाणार. हुकासाठी गच्चीवरून पक्क्या जागी बांधलेला वेगळा दोर सोडावा लागतो. संच कामगाराच्या हाती पडतो. तो दोर सोडायचं काम मालकाचं आणि ठेकेदाराचं. बहुतेक जीव जातात ते या दोन हातांमधल्या अंतरात.

बांबूच्या परांचीची सगळ्यात कसलेली परंपरा हाँगकाँगची. तिथेही २०२५च्या मार्चमध्ये सरकारने नव्या सार्वजनिक इमारतींच्या किमान निम्म्या कंत्राटांत धातूची परांची वापरायचं ठरवलं. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला ताई पो इथल्या वांग फुक कोर्ट वसाहतीत बाहेरून डागडुजी चालू असताना आग लागली. आठपैकी सात मनोरे पेटले, दीडशेहून जास्त माणसं गेली. आग इतकी झपाट्याने चढली, त्याबद्दल तपासयंत्रणेने बोट ठेवलं ते परांचीवरच्या जाळीवर आणि खिडक्यांवर लावलेल्या फोमवर. यात घरात बसलेले लोकही गेले. परांचीची सुरक्षितता तिच्यावर चढणाऱ्यापुरती कधीच नव्हती.

काम आटोपल्यावर परांची उतरवायची, तेव्हा मुकादमाचं लक्ष पुढच्या जागेकडे लागलेलं असतं. उतरवणारा मजूर वरून सुरुवात करतो. एक-एक गाठ कोयत्याने कापतो, बांबू खाली सोडतो, स्वतः एक आडवा खाली येतो. भिंतीत आडव्यांसाठी राखलेली भोकंही त्यानेच बुजवायची. उरलेल्या शेवटच्या बांबूवर उभं राहून तो थापीने सिमेंट दाबतो, हाताने पुसून घेतो. मग ज्याच्यावर उभा आहे, त्याचीच गाठ सोडायला खाली वाकतो.