रेणवीय जीवविज्ञान प्रयोगशाळा, केंब्रिज

रेणवीय जीवविज्ञान प्रयोगशाळा, केंब्रिज : प्रथिने, न्यूक्लिइक अम्ले व कोशिकेतील (पेशीतील) इतर घटक यांच्या संरचनेवरून सजीवांच्या कार्याचा उलगडा करणारी इंग्लंडमधील विख्यात संशोधन संस्था. केंब्रिज विद्यापीठाच्या कॅव्हेंडिश या भौतिकीच्या प्रयोगशाळेत १९४७ मध्ये तिचा उगम झाला. अनेक विज्ञानशाखांनी एकत्र येऊन सजीवांचा अभ्यास करण्याची पद्धत आज रूढ झाली आहे. परंतु अशा अभ्यासास विद्यापीठाच्या रचनेत जागा मिळणे किती कठीण होते, हे या संस्थेच्या प्रारंभीच्या पंधरा वर्षांच्या इतिहासावरून दिसते.

संस्थेचे संस्थापक माक्स फेर्डिनांट पेरुट्स हे मूळचे व्हिएन्नाचे. रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १९३६ मध्ये केंब्रिजला आले व जे. डी. बर्नाल यांच्या मार्गदर्शनाखाली क्ष-किरण स्फटिकविज्ञान शिकू लागले. रक्तातील हीमोग्लोबिन या प्रथिनाची संरचना शोधण्याचे कार्य त्यांनी हाती घेतले. या रेणूत सु. दहा हजार अणू असल्याने हा प्रयत्न त्या काळी अनेकांना अव्यवहार्य वाटे. १९३८ मध्ये कॅव्हेंडिशचे प्राध्यापक झालेले विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी मात्र त्यास पाठिंबा दिला. दुसऱ्या महायुद्धात पेरुट्स यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून १९४० मध्ये स्थानबद्ध करून कॅनडाला पाठविण्यात आले. १९४१ मध्ये ते परतले.

युद्धानंतर अडचण निराळीच उद्भवली. रसायनशास्त्राची पार्श्वभूमी असलेली व्यक्ती भौतिकीच्या प्रयोगशाळेत राहून जीववैज्ञानिक प्रश्न सोडवीत होती. तिचा खर्च कोणत्या विभागाने सोसावयाचा? परजीवीविज्ञानाच्या मोल्टेनो संस्थेचे प्रमुख डेव्हिड कीलिन यांनी वैद्यकीय संशोधन मंडळाकडे जाण्याचे सुचविले. ब्रॅग यांनी मंडळाचे सचिव एडवर्ड मेलनबी यांची भेट घेतली आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये मंडळाने पेरुट्स व जॉन केंड्रू या दोघांचे संशोधन पथक स्थापन केले. वैद्यकास यापासून नजीकच्या काळात काही लाभ होईल, असे दिसत नसतानाही मंडळाने हे धाडस केले, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

ह्यू हक्स्ली, फ्रान्सिस क्रिक व जेम्स वॉटसन हे नंतर पथकात आले. क्रिक मूळचे भौतिकीविज्ञ, तर वॉटसन जीवाणुभक्षी व्हायरसांच्या आनुवंशिकीचे अभ्यासक होते. या दोघांनी १९५३ मध्ये डीएनए रेणूची दुहेरी सर्पिल संरचना मांडली. त्यासाठी लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँक्लिन यांनी मिळविलेली क्ष-किरण विवर्तनाची माहिती निर्णायक ठरली. या माहितीचा वापर त्यांच्या नकळत झाला होता व त्यांच्या वाट्याचे श्रेय बराच काळ दुर्लक्षित राहिले. त्याच वर्षी पेरुट्स यांनी हीमोग्लोबिनच्या स्फटिकात पाऱ्यासारखे जड अणू बसवून विवर्तनाच्या आकृत्यांचा अर्थ लावण्याची रीत यशस्वी केली. हीच पुढे प्रथिनांच्या संरचनेची गुरुकिल्ली ठरली. आकडेमोड इतकी अवाढव्य होती की, तीसाठी विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेतील ‘एडसॅक’ हा संगणक वापरावा लागला. केंड्रू यांनी मायोग्लोबिन या प्रथिनाची स्थूल त्रिमितीय संरचना १९५८ मध्ये प्रसिद्ध केली.

ब्रॅग लंडनला गेल्यावर १९५४ मध्ये नेव्हिल मॉट कॅव्हेंडिशचे प्राध्यापक झाले. भौतिकीलाच जागा अपुरी पडत होती. पथकातील काहींचे काम प्रयोगशाळेच्या आवारातील एका बैठ्या, तयार भागांच्या तात्पुरत्या इमारतीत चालू लागले. सिडनी ब्रेनर व क्रिक यांचे आनुवंशिक संकेतावरील संशोधन याच खोपटात झाले. संकेताचे प्रत्येक अक्षर तीन क्षारकांचे असते, हा निष्कर्ष त्यांनी सहकाऱ्यांसह १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या मध्यवर्ती आवारात कायमची जागा मिळू शकली नाही. अखेर शहराच्या दक्षिणेस, ॲडनब्रुक्स रुग्णालयाच्या नव्या जागेलगत मंडळाने स्वतंत्र इमारत बांधली व १९६२ मध्ये संस्था तेथे गेली. जीवरसायनशास्त्र विभागातून फ्रेडरिक सँगर, तसेच लंडनहून एरन क्लग व हक्स्ली तेथे दाखल झाले. त्याच वर्षी पेरुट्स व केंड्रू यांना रसायनशास्त्राचे, तर क्रिक व वॉटसन यांना मॉरिस विल्किन्स यांच्यासह वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेरुट्स यांनी संचालकपद न ठेवता नियामक मंडळाचे अध्यक्षपद पतकरले. उपकरणे शक्य तेवढी सामाईक होती. वरच्या मजल्यावरील उपाहारगृह त्यांच्या पत्नी गिझेला पाहत. निरनिराळ्या शाखांचे लोक तेथे एकाच टेबलाशी बसत, आणि या व्यवस्थेस पेरुट्स संशोधनाचाच भाग मानीत.

सेझार मिलस्टाइन व गेओर्ग कोलर यांनी १९७५ मध्ये एककृंतक प्रतिपिंडे तयार करण्याचे तंत्र शोधले. या तंत्राचे एकस्व ब्रिटनने घेतले नाही, याबद्दल पुढे तेथे मोठी टीका झाली. सँगर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएनए-क्रमनिर्धारण पद्धतीस १९८० चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५८ नंतरचे त्यांचे हे दुसरे. रायबोसोमाच्या संरचनेसाठी २००९ मध्ये या पारितोषिकाचे सहमानकरी ठरलेले वेंकटरामन रामकृष्णन यांची भौतिकीची पदवी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची. ते १९९९ मध्ये या संस्थेत आले. संस्था २०१३ मध्ये जुन्या इमारतीजवळच बांधलेल्या नव्या वास्तूत गेली.