टॉप ऑफ द रॉक

टॉप ऑफ द रॉक : न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागातील प्रसिद्ध प्रेक्षणीय गच्ची. रॉकफेलर सेंटर या इमारतसमूहातील सर्वांत उंच इमारतीच्या (३० रॉकफेलर प्लाझा, उंची ८५० फूट, म्हणजे २५९ मी.) माथ्यावर ती आहे. ६७, ६९ आणि ७० हे तीन मजले प्रेक्षकांसाठी खुले असतात. १९३३ मध्ये सुरू झालेली ही गच्ची १९८६ पासून बंद होती. नोव्हेंबर २००५ मध्ये ती पुन्हा उघडली.

उंचीत ती शहरात पहिली नाही. एम्पायर स्टेट बिल्डिंगची ८६ व्या मजल्यावरची गच्ची सुमारे १,०५० फुटांवर आहे, आणि २०१५ पासून वन वर्ल्ड ऑब्झर्व्हेटरी, एज यांसारखी तिच्याहून उंच ठिकाणे झाली आहेत. तरीही न्यूयॉर्कात एकाच गच्चीवर जाणे जमणार असेल, तर ती हीच असावी. कारण तिची जागा. एम्पायर स्टेट येथून दक्षिणेला सव्वा किलोमीटरभर अंतरावर, जवळजवळ समोरच उभी आहे. तिचा पायथ्याकडचा भाग इतर इमारतींच्या मागे जातो, पण तेथून शिखरापर्यंत ती सलग दिसते. उत्तरेला नऊ रस्ते ओलांडले की ५९ व्या रस्त्यापासून ११० व्या रस्त्यापर्यंत पसरलेले ८४३ एकरांचे सेंट्रल पार्क आहे. शहराची ही दोन्ही रूपे एकाच कठड्याच्या दोन बाजूंना पाहायला मिळतात.

रॉकफेलर सेंटर उभे राहिले ते ठरलेली योजना फसल्यामुळे. जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी १९२८ मध्ये कोलंबिया विद्यापीठाकडून ही जमीन भाडेपट्ट्याने घेतली, ती मेट्रोपॉलिटन ऑपेराचे नवे नाट्यगृह बांधण्यासाठी. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि ऑपेराने अंग काढून घेतले. भाडे तर चालूच होते. तेव्हा रॉकफेलर यांनी स्वतःच्या जबाबदारीवर कचेऱ्या, नाट्यगृहे आणि दुकाने यांचा समूह बांधायचे ठरवले. १९३१ पासून, महामंदीच्या ऐन काळात, या बांधकामाने हजारो हातांना काम दिले. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ही कंपनी मुख्य भाडेकरू म्हणून आली, म्हणून मधल्या इमारतीचे नाव आरसीए बिल्डिंग पडले. पुढे १९८८ मध्ये ती जीई बिल्डिंग झाली आणि २०१५ मध्ये कॉमकास्ट बिल्डिंग.

वास्तुरचनेत रेमंड हूड यांचा हात प्रमुख होता. कोणतेही टेबल खिडकीपासून २७ फुटांपेक्षा दूर नसावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे इमारत जाड चौकोनी न होता उभ्या फळीसारखी निरुंद झाली. लिफ्टचा एकेक संच जेथे संपतो, तेथे भिंत थोडी आत सरकते. माथ्यावरची गच्ची लांब आणि चिंचोळी आहे ती यामुळेच. मूळ रचनेत तिला सागरी प्रवासी जहाजाच्या डेकचे रूप दिले होते. आरामखुर्च्या होत्या आणि हवा खेळवणारी धुराडीही जहाजासारखी होती.

इमारतीचा सांगाडा चढत असताना, २० सप्टेंबर १९३२ रोजी, ६९ व्या मजल्यावरच्या लोखंडी तुळईवर पाय सोडून जेवणाऱ्या अकरा कामगारांचे छायाचित्र घेण्यात आले. इमारतीच्या प्रसिद्धीसाठी ते मुद्दाम जमवून आणले होते, पण कामगार खरे होते आणि खालची पोकळीही खरी होती. आता ‘द बीम’ या नावाने प्रेक्षकांना तशाच तुळईवर पट्ट्याने बांधून सुमारे १२ फूट उचलतात आणि उद्यानाकडे फिरवतात. ‘स्कायलिफ्ट’ हा गोल फिरता काचेचा पाळणा गच्चीच्याही वर नेतो. दोन्हींचे पैसे वेगळे पडतात. गच्ची नीट पाहायला यांतले काहीच लागत नाही. तुळईवरचे छायाचित्र हवेच असेल, तरच तो खर्च करावा.

१९८६ मध्ये गच्ची बंद झाली ती ६५ व्या मजल्यावरच्या रेनबो रूम या उपाहारगृहाच्या विस्तारापायी. त्या कामात गच्चीकडे जाणारी लोकांची वाट तुटली. शहराचा हा माथा जवळपास वीस वर्षे सामान्य माणसाला बंद राहिला, ही गोष्ट आजही खटकते.

भेटीची आखणी करताना बहुतेक जण तिकिटाच्या दरापासून सुरुवात करतात. खरे तर ती सूर्यापासून करावी. मॅनहॅटनचे रस्ते दिशांना सरळ धरून नाहीत; सारी आखणी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुमारे २९ अंश वळलेली आहे. त्यामुळे गच्चीवरची ‘उत्तर’ प्रत्यक्षात ईशान्येकडे झुकते आणि ‘दक्षिण’ नैर्ऋत्येकडे. याचा परिणाम असा, की हिवाळ्यात सूर्य एम्पायर स्टेटच्या थोडा उजवीकडे मावळतो: समोर काळी आकृती आणि तिच्या शेजारी तांबडे आकाश. जूनमध्ये तो बराच उत्तरेला सरकून आडव्या रस्त्यांच्या रेषेत, हडसन नदीपलीकडे उतरतो आणि एम्पायर स्टेटच्या अंगावर बाजूने सोनेरी ऊन पडते. उद्यान मात्र बहुतेक दिवसभर चांगले दिसते, कारण त्याच्याकडे तोंड केले की सूर्य पाठीशी असतो. डिसेंबरात ५७ व्या रस्त्यालगतच्या नव्या उंच, बारीक मनोऱ्यांच्या सावल्या भर दुपारी उद्यानावर लांबवर पडतात. ऊन कोणाच्या वाट्याचे, हा शहरात गाजलेला वाद वरून एका नजरेत कळतो.

सूर्यास्त पाहायचा असेल तर ऋतूचे भान ठेवावे. जूनच्या उत्तरार्धात तो रात्री साडेआठच्या सुमारास होतो, डिसेंबरच्या सुरुवातीला साडेचारच्याही आधी. सूर्यास्ताच्या वेळची तिकिटे महाग असतात आणि आधी संपतात. तिकिटावर छापलेली वेळ आत जाण्याची असते. वर किती थांबायचे याला बंधन नाही. म्हणून सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ घ्यावी. तपासणी, रांग आणि लिफ्ट यांत काही वेळ जातो. मग ऊन, संधिप्रकाश आणि दिवे लागलेले शहर असे तिन्ही प्रहर एकाच तिकिटात पाहून होतात. गर्दी नको असेल, तर सकाळी दार उघडताच जावे. उद्यानाचे रंग पाहायचे असतील, तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा सर्वांत उत्तम. फेब्रुवारीत तेथे उघड्या फांद्या आणि कधी बर्फ. नाताळच्या दिवसांत खाली चौकात मोठा वृक्ष उभारतात. १९३१ मध्ये बांधकामावरच्या मजुरांनी लावलेल्या एका लहानशा झाडापासून ती प्रथा सुरू झाली. नाताळात चौकातून वाट काढणेही कठीण होते, तेव्हा हाताशी जास्तीचा वेळ ठेवावा.

ढग खाली उतरले, तर वर पांढऱ्या धुक्यापलीकडे काही दिसत नाही. त्यामुळे फार आधी तिकीट काढण्यापेक्षा दोन-तीन दिवसांचा हवामानाचा अंदाज पाहून काढावे, आणि तारीख बदलून मिळते का, हे त्या तिकिटाच्या अटींत वाचून घ्यावे.

खालच्या दोन मजल्यांवर कडेला उंच काचा आहेत आणि त्यांच्या फटींतून कॅमेऱ्याचे भिंग रोखता येते. ७० व्या मजल्यावर काच नाही, मोकळी हवा आहे; छायाचित्रे तेथेच काढावीत. तिपाई नेऊ देत नाहीत. वारा मात्र खालच्या रस्त्यापेक्षा पुष्कळ बोचरा असतो. एप्रिलमध्येही कानटोपी आणि जाड जाकीट जवळ असू द्यावे.

गच्चीचे प्रवेशद्वार ५० व्या रस्त्यावर, फिफ्थ आणि सिक्स्थ ॲव्हेन्यूच्या मध्ये आहे. सबवेच्या बी, डी, एफ आणि एम गाड्यांचे ‘४७–५० स्ट्रीट्स’ हे स्टेशन लागूनच आहे. न्यू जर्सीत मुलांकडे आलेल्या अनेक मराठी आईवडिलांची न्यूयॉर्कची पहिली फेरी रेल्वेने पेन स्टेशनला किंवा पाथ गाडीने ३३ व्या रस्त्याला उतरून होते. तेथून ३४ व्या रस्त्यावरच्या हेरल्ड स्क्वेअर स्टेशनात या गाड्या मिळतात आणि दुसऱ्याच थांब्याला उतरायचे असते.

खाली आल्यावर लगेच निघून जाऊ नये. इमारतीच्या मुख्य दालनात होसे मारिया सेर्त यांची भव्य भित्तिचित्रे आहेत. त्या जागी आधी मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरा यांचे चित्र रंगत होते. त्यात लेनिनचा चेहरा आला, तो काढायला रिवेरा तयार झाले नाहीत, आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये ते चित्र भिंतीवरून फोडून काढले गेले. रिवेरा यांनी त्याच वर्षी ते मेक्सिको सिटीतल्या पालासिओ दे बेयास आर्तेस या कलाभवनात पुन्हा रंगवले. तेथे ते आजही पाहता येते.