वर्णलेखनाचा जनक : मिखाईल त्स्वेत

शास्त्रांच्या इतिहासांत नवी वस्तु शोधणाऱ्याचें नांव लवकर लोकांच्या तोंडीं बसतें. वस्तु शोधण्याची नवी रीत ज्यानें दिली त्याचें नांव मात्र बहुधा मागेंच राहतें. रेडियम म्हटलें कीं क्यूरी दांपत्य आठवतें, पेनिसिलिन म्हटलें कीं फ्लेमिंग आठवतो. पण मधुमेहाच्या रोग्याला रक्ततपासणीचा जो कागद मिळतो, त्यावर 'एचबीएवनसी'च्या आंकड्याशेजारीं पुष्कळदां 'एचपीएलसी पद्धति' असे शब्द छापलेले असतात. ती पद्धति मूळ कोणाची, हें सांगणारा सुशिक्षित मनुष्य आमच्यांत विरळाच. तिचा उगम झाडाच्या हिरव्या पानांत आहे, आणि तिचा जनक वैद्य नव्हता, रूढ अर्थानें रसायनज्ञही नव्हता. तो होता मिखाईल त्स्वेत नांवाचा एक रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याच्या शोधाला पाव शतक वनवास घडला. तो कां घडला, हा प्रश्न आम्हांस त्याच्या चरित्राइतकाच महत्त्वाचा वाटतो.

त्स्वेतचा जन्म १४ मे १८७२ रोजीं इटलींतील आस्ती या गांवीं झाला. वडील रशियन सरकारी अधिकारी. आई इटालियन, ती त्याच्या जन्मानंतर लवकरच वारली. बालपण व शिक्षण स्वित्झर्लंडांत लोझान व जिनीव्हा येथें झालें, आणि १८९६ मध्यें जिनीव्हा विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन तो पित्याच्या देशीं गेला. तेथें पहिलीच ठेंच लागली. स्विस पदवी रशियांत मान्य नव्हती. डॉक्टर झालेल्या या तरुणाला पुन्हां खालच्या पायरीपासून चढावें लागलें. १९०१ मध्यें कझान विद्यापीठाची मास्टरची पदवी मिळाली, तेव्हां कोठें विद्यापीठाचें दार उघडलें. आणि तेंही वॉर्सा येथें, साहाय्यकाच्या जागेपुरतें. पोलंडचें हें मोठें शहर त्या काळीं रशियन साम्राज्यांत मोडत असे. इटलींत जन्मलेला आणि फ्रेंच भाषेंत वाढलेला हा मनुष्य रशियनांस परका व पोलिशांस रशियन वाटावा, अशा जागीं जाऊन पडला.

पानांचा हिरवा रंग हा एकच रंग नव्हे, हें त्यापूर्वीं ठाऊक होतें. इंग्लंडांतील स्टोक्सनें १८६४ मध्येंच पानांत दोन हिरवीं व दोन पिवळीं द्रव्यें असल्याचें सांगितलें होतें. पण तीं एकमेकांपासून निखळ वेगळीं करावयाचीं कशीं? त्स्वेतच्या नजरेंत एक साधी गोष्ट भरली. वेगळीं काढलेलीं हरितद्रव्यें पेट्रोलियम ईथरमध्यें सहज विरघळतात. पण पान कुटून त्यांत टाकलें तर तीं बाहेर येत नाहींत. थोडें अल्कोहोल घालतांच मात्र तीं भराभर उतरतात. तेव्हां तीं न विरघळणारीं नसून पानाच्या ऊतींनीं तीं आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवलेलीं असलीं पाहिजेत, असें त्यानें ताडलें. पृष्ठभागाच्या या धरून ठेवण्याला शास्त्रीय परिभाषेंत अधिशोषण म्हणतात. पानाच्या ऊति जर असें करूं शकतात तर निर्जीव पूड कां करणार नाहीं? त्यानें शंभराहून अधिक निरनिराळ्या पुडी तपासून पाहिल्या.

त्यांतील एक आपल्या नित्य परिचयाची, खडूची. कांचेच्या अरुंद नळींत त्यानें खडूची बारीक पूड ठांसून भरली, वरून पानांच्या रंगाचें द्रावण ओतलें, आणि मागाहून शुद्ध विद्रावक सोडीत राहिला. जत्रेच्या बाजारांतून माणसांचा घोळका निघावा, त्यांत कोणी प्रत्येक दुकानापाशीं रेंगाळावा, कोणी क्वचित् थांबावा, कोणी सरळ चालत सुटावा, आणि दुसऱ्या टोकाला पोंचेपर्यंत त्या घोळक्याची लांबच लांब रांग व्हावी, तसाच प्रकार नळींत घडला. कॅरोटीन कोठेंच न अडखळतां खालून बाहेर पडलें. बाकीचीं द्रव्यें आपापल्या जागीं पट्टे करून राहिलीं. एक पट्टा हिरवा-पिवळसर, एक निळसर हिरवा, आणि पिवळे तर कित्येक. स्टोक्सच्या हिशेबापेक्षां पानांतील कुटुंब मोठें निघालें. मग खडूचा तो ओला दांडा नळींतून ढकलून बाहेर काढावा, सुरीनें पट्ट्यापट्ट्यावर कापावा, आणि प्रत्येक तुकड्यांतून एकेक द्रव्य अल्कोहोलनें धुवून घ्यावें. न उष्णता, न तीव्र आम्ल. द्रव्याला धक्का म्हणून लावावयाचा नाहीं.

१९०३ च्या मार्च महिन्यांत वॉर्सा येथील निसर्गशास्त्रज्ञांच्या मंडळापुढें त्यानें या रीतीवर पहिलें व्याख्यान दिलें. १९०६ मध्यें जर्मन वनस्पतिशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकांत त्याचे दोन निबंध निघाले, आणि त्यांत या रीतीला 'क्रोमॅटोग्राफी' असें ग्रीक नांव मिळालें. रंग आणि लिहिणें या दोन शब्दांचा हा संधि. मराठींत आपण त्याला वर्णलेखन म्हणतों. रशियन भाषेंत 'त्स्वेत' शब्दाचा अर्थही रंग असाच आहे, ही गंमत वाचकांच्या लक्षांत यावी. पण नांवांत रंग असला तरी ही रीत रंगापुरतीच नाहीं, रंगहीन द्रव्यांनाही हेच नियम लागू पडतील, हें त्यानें तेव्हांच लिहून ठेवलें होतें. १९०७ मध्यें त्यानें बर्लिनमध्यें प्रत्यक्ष प्रयोग करून दाखविला. १९१० मध्यें वनस्पति व प्राणि यांतील रंगद्रव्यांवर त्याचा मोठा रशियन ग्रंथ निघाला.

असें असतां रसायनज्ञांनीं त्याला दूर कां ठेवलें? क्रॅको येथील मार्च्लेव्हस्कीनें त्याच्यावर कडक टीका केली. त्याहून मोठें नांव जर्मनींतील रिखार्ड विल्स्टेटरचें. हरितद्रव्याच्या संशोधनाबद्दल त्याला १९१५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तो वाळलेल्या पाल्याचे ढीगच्या ढीग घेऊन काम करीत असे, आणि त्याच्या हातीं घसघशीत स्फटिक येत. त्या काळच्या रसायनज्ञाची शुद्धतेची कसोटीच ती होती. स्फटिक दाखवा, त्याचें पृथक्करण करून आंकडे द्या, मग बोला. खडूवरचा रंगाचा एक पट्टा म्हणजे या कसोटीपुढें कांहींच नव्हे. शिवाय पुडीच्या स्पर्शानें मूळ द्रव्यच बदलत नसेल कशावरून, ही शंकाही होती.

या कथेंत विल्स्टेटरला खलनायक करण्याची चाल आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. त्याची शंका पोरकट नव्हती. कांहीं पुडींनीं हरितद्रव्य खरोखरच बिघडतें. पण याच वादाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हरितद्रव्याचे म्हणून जे स्फटिक पूर्वीं दाखविले जात, ते मूळचे नसून अल्कोहोलच्या प्रक्रियेनें तयार झालेले असावेत, असें त्स्वेतचें म्हणणें होतें. पानांतील एका एन्झाइमामुळें अल्कोहोलमध्यें तसा बदल होतो, हें पुढें खुद्द विल्स्टेटरच्याच प्रयोगशाळेंत सिद्ध झालें. म्हणजे ज्या स्फटिकाच्या कसोटीवर त्स्वेतला नापास केलें, ती कसोटीही निर्दोष नव्हती. वनस्पतिशास्त्रज्ञांस त्याचें रसायन अवघड वाटे, रसायनज्ञांस तो वनस्पतिशास्त्रज्ञ वाटे, आणि त्याचा मुख्य ग्रंथ पश्चिमेकडे फार थोड्यांना येणाऱ्या भाषेंत होता. द्वेषापेक्षां या तीन गोष्टींनींच त्याचा घात अधिक केला.

उरलेलें काम महायुद्धानें केलें. १९१५ मध्यें जर्मन सैन्य वॉर्सावर चालून आलें आणि त्स्वेतला शहर सोडावें लागलें. मॉस्को, निझ्नी नोव्हगोरोद, मग १९१७ मध्यें एस्टोनियांतील युरियेव विद्यापीठांत प्राध्यापकाची जागा. तेथेंही जर्मन पोंचले, म्हणून वोरोनेझ. १९१८ च्या नोबेल पारितोषिकासाठीं त्याचें नांव सुचविलें गेलें होतें, पण तें मिळालें नाहीं. २६ जून १९१९ रोजीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, वोरोनेझ येथें तो वारला. त्या वेळीं रशियांत यादवी युद्ध चालू होतें.

शोध मात्र मेला नाहीं. अमेरिकेंत पामरनें आपल्या १९२२ च्या ग्रंथांत त्स्वेतच्या रीतीची माहिती दिली होती. हायडेलबर्गला रिखार्ड कूनच्या प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या एडगर लेडरर या तरुणाच्या हातीं तो ग्रंथ पडला. पुढें त्याला त्स्वेतच्या रशियन ग्रंथाचें जर्मन भाषांतरही मिळालें. आणि तें आलें होतें विल्स्टेटरकडून! ज्यानें शंका घेतली त्यानेंच भाषांतर करवून जपलें होतें. १९३१ मध्यें लेडररनें या रीतीनें गाजरांतील कॅरोटीनचे दोन प्रकार निवडून दाखविले, अंड्याच्या बलकांतील पिवळीं द्रव्यें वेगळीं केलीं, आणि कांहीं वर्षांतच युरोपांतील प्रयोगशाळांत खडूच्या नळ्या उभ्या राहिल्या.

पुढची पायरी इंग्लंडांत लीड्सच्या लोकर-संशोधन संस्थेंत चढली गेली. मार्टिन व सिंज यांनीं १९४१ मध्यें दोन द्रवांतील वांटणीवर आधारलेलें वर्णलेखन दिलें, आणि १९५२ चें नोबेल पारितोषिक मिळविलें. १९४४ मध्यें कॉन्स्डन, गॉर्डन व मार्टिन यांनीं नळीही टाकून साधा गाळणकागद घेतला. कागदाच्या कडेजवळ एक थेंब ठेवावा, विद्रावक चढूं द्यावा, आणि निनहायड्रिन फवारावें. रंगहीन अमिनो आम्लें जांभळ्या ठिपक्यांनीं आपापली जागा सांगतात. त्स्वेतचें १९०६ चें भाकीत येथें खरें ठरलें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलांत डेंट यानें हाच कागद रोग्यांच्या मूत्राला लावला, आणि मूत्रपिंडांतून अमिनो आम्लें गळून जाण्याचे कांहीं जन्मजात विकार ओळखतां येऊं लागले. डेंट आधीं रसायनज्ञ आणि मग वैद्य झालेला होता. दोन शास्त्रांच्या सीमेवर उभा राहणारा माणूस येथेंही कामास आला.

रक्ताची पाळी त्यानंतर आली. १९५८ मध्यें हॉलंडमध्यें हीमोग्लोबिनाचा एक अल्प घटक वर्णलेखनानें वेगळा केला गेला. १९६८ मध्यें इराणच्या सॅम्युएल राहबरनें तो मधुमेह्यांत अधिक असतो हें दाखविलें. तोच आजचा 'एचबीएवनसी'. साखर रक्तकणांतील हीमोग्लोबिनास चिकटून राहते म्हणून गेल्या दोनतीन महिन्यांचा हिशेब त्यांत सांपडतो. आणि आपल्याच प्रांतांत, नंदुरबारकडील भिल्ल-पावरा वस्त्यांत व विदर्भांत, सिकलसेल रोगाचा निर्णय करण्यास हीच रीत हातीं घेतली जाते. आईबापांपैकीं एकाकडून दोष आला कीं दोघांकडून, हें ती सांगते. आणि त्यावर मुलाचें पुढचें आयुष्य व औषधोपचार अवलंबून असतात.

पंचवीस वर्षांच्या विलंबाचा दोष कोणाला द्यावा? शंका घेणाऱ्याला देऊं नये, असें आम्हांस वाटतें. शास्त्र शंकेवरच चालतें. परंतु ही शंका फेडण्यास लागत होतें काय? एक कांचेची नळी, मूठभर खडू आणि ती रीत जशी सांगितली तशी करून पाहण्याचा धीर. इतका धीर त्या पिढींतील फार थोड्यांनीं दाखविला. आणि ज्यांनीं दाखविला, त्यांच्याच हातून ती आमच्यापर्यंत पोंचली.