अलर्टचे कूळ

ब्रिजमध्ये एखाद्या बोलीला तिच्या उघड अर्थाहून निराळा, जोडीदारांनी आपसांत ठरवलेला अर्थ असेल तर प्रतिस्पर्ध्यांना सावध करावे लागते. या सूचनेला 'अलर्ट' म्हणतात. 1965 साली ब्यूनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत बोटांच्या खुणांचा आणि 1975 साली बर्म्युडात टेबलाखालून पायाने खुणावल्याचा आरोप झाला होता, तेव्हा हा नियमही अशाच लबाडीतून जन्मला असे म्हणणे सोपे आहे, पण ते पटण्यासारखे नाही. लबाडीवरचा उपाय म्हणजे टेबलावरचा आडवा पडदा; चोरून खुणावणारा आपल्याच खुणेचा अलर्ट कशाला देईल? अलर्टचे कूळ प्रामाणिक संकेतांत शोधावे लागते, आणि ते शोधताना मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असलेले एक आडनाव भेटते.

सतीबंदीचा कायदा करणारे लॉर्ड विल्यम बेंटिंक हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होते, त्याच काळात, 1834 साली, त्यांचा पुतण्या लॉर्ड हेन्री बेंटिंक याने लंडनमध्ये व्हिस्ट या ब्रिजच्या पूर्वज खेळात 'ब्लू पीटर' ही खूण आणली, असे मानले जाते. बदामच्या एका हातात सत्ती आणि पुढच्या हातात तिर्री, असे विनाकारण मोठे पान आधी टाकले की जोडीदाराने हुकूम खेळावा, असा तिचा अर्थ. बंदर सोडणाऱ्या जहाजावर चढणाऱ्या निशाणावरून तिला नाव मिळाले. पान चौघांसमोर पडते, पण त्याचा अर्थ दोघांनाच ठाऊक असतो, हा पेच येथे प्रथम उभा राहिला. पुढे ही खूण व्हिस्टच्या पुस्तकांत छापली गेली आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला कळू लागली. अलर्टचा नियम करणाऱ्यांना बेंटिंक आठवला असेलच असे नव्हे. तरी खूण करावी, मात्र ती उघडी असावी, हे तत्त्व तेच.

पण अलर्टला आधी बोली लागते. मेंढीकोटात तीच नसल्याने तेथे भुवयांच्या खुणांवर भागते. बोली लावणारा ब्रिज मात्र 1899 साली अलाहाबादेत 'जॉन डो' या टोपणनावाने निघालेल्या पुस्तकात तिघांचा खेळ म्हणून दिसतो. 1925 साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी काँट्रॅक्ट ब्रिजला आकार दिला, आणि त्यांनीच 1929 साली 'एक किलवर' ही बोली किलवरशी संबंध न ठेवता केवळ भारी हातासाठी राखून ठेवली. खेळ घडवणाऱ्यानेच त्याला सांकेतिक भाषा शिकवली, ती अशी.

आज याच वळणाच्या प्रिसिजन पद्धतीचा खेळाडू किलवरची एकटी दुर्री आणि सोळा गुण घेऊन 'एक किलवर' बोलतो, तेव्हा अलर्ट त्याने नव्हे, त्याच्या जोडीदाराने द्यायचा असतो. बोलीच्या पेटीतले अलर्टचे पान बहुधा निळे असते. त्याचे नाते ब्लू पीटरशी जोडण्याचा मोह आवरलेला बरा. जोडीदाराने अलर्ट देण्याच्या या रीतीत एक खोट आहे: अलर्ट झाला की बोलणाऱ्यालाही कळते, आपला संकेत जोडीदाराच्या ध्यानात आहे. या माहितीचा लाभ घेण्यास नियमांची मनाई आहे, पण कळलेले न कळल्यासारखे खेळणे अवघडच. पडद्याआड खेळताना प्रत्येक जण आपल्या बाजूच्या प्रतिस्पर्ध्याला दोघांच्याही बोलींचा अलर्ट देतो, तर ऑनलाइन खेळात बोलणाराच स्वतःच्या बोलीचा देतो. आपल्या बोलीचा अलर्ट स्वतः देण्याची ही रीत अधिक न्याय्य म्हटली पाहिजे.

पडदा नसेल तेव्हा जागतिक ब्रिज महासंघाच्या धोरणानुसार डबलला अलर्ट लागत नाही, आणि चार किंवा त्यावरच्या पातळीवरील बोलीलाही नाही. पहिल्या फेरीतील सांकेतिक बोली तेवढी याला अपवाद.