लेस्ली अल्कॉक : आख्यायिकेकडून मातीकडे

स्कॉटलंडच्या उत्तर व पूर्व भागांत नवव्या शतकापर्यंत पिक्ट लोकांची सत्ता होती. कोरीव शिळा त्यांनी पुष्कळ मागे ठेवल्या. स्वतःचा इतिहास मात्र फारसा लिहिला नाही. त्यांच्याविषयीच्या नोंदी बहुतेक शेजाऱ्यांच्याच आहेत. अशा अबोल लोकांचा शोध घेणाऱ्यांत लेस्ली अल्कॉक (१९२५-२००६) यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात ते गुरखा पलटणीत होते. १९५० साली मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली त्यांनी मोहेंजोदडो येथे काम केले. पुढे इंग्लंडातील कॅडबरीच्या टेकडीवरील उत्खननाने (१९६६-७०) ते ख्यातनाम झाले. ही टेकडी म्हणजे आर्थर राजाची राजधानी, अशी जुनी लोकश्रुती होती. १९७१ च्या आपल्या ग्रंथात अल्कॉक यांनीही आर्थरला ऐतिहासिक पुरुष मानले. त्यामागील आधारांवर विद्वानांनी कठोर टीका केली, तेव्हा त्यांनी तो आग्रह सोडला.

१९७३ साली ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर त्यांनी निराळी वाट धरली. बखरीपेक्षा समकालीन टिपण विश्वसनीय, या न्यायाने जुन्या वार्षिक नोंदींत नावे असलेले गडच त्यांनी खणावयास घेतले. ६८३ साली डंडर्नला वेढा पडला, एवढीच त्रोटक नोंद आयरिश वृत्तांतात आहे. १९७६-७७ साली तेथे अग्नीने नष्ट झालेला तट, लोखंडी खिळे आणि एक नक्षीदार चामडी पादत्राण सापडले.

विख्यात राजाचा मोह सोडून एका अनामिक पावलाचा माग घेणे, यातच या संशोधकाची थोरवी आहे.